कार्बोरेटरचे जेट आणि इंधनाचे मिश्रण : प्रस्तावना

भिवंडीहून आग्रा रोडला लागून पडघा, शहापूर, खर्डी ही गावे मागे टाकीत कसाऱ्याचा घाट चढणारा मोटारसायकलस्वार शंभर किलोमीटरांच्या आत खाडीकाठच्या दमट, जड हवेतून सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या इगतपुरीच्या विरळ हवेत जाऊन पोहोचतो. आणि त्याच्या टाकीतील पेट्रोल, त्याच्या कार्बोरेटरातील जेट आणि त्याच्या मुठीतील ॲक्सिलरेटर यांपैकी काहीही बदललेले नसताना त्याच्या इंजिनात जळणाऱ्या मिश्रणाचे प्रमाण मात्र वाटेत हळूहळू बदलत गेलेले असते. हा बदल कशामुळे घडतो, किती घडतो, आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने त्याची तजवीज घरून निघण्यापूर्वी कशी करून ठेवावी, एवढाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाल्यानंतर त्याच्यावर पुस्तक लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचक विचारील, आणि त्याला तो अधिकार आहे. 1 एप्रिल 2020 रोजी भारत स्टेज सहाचे निकष अंमलात आले, आणि थोड्या लहान गाड्यांचा अपवाद सोडता कारखान्यांनी इंधन मोजून देण्याचे काम विजेच्या इंजेक्टरकडे सोपविले. हा बदल सरळ रेषेत झाला असेही नाही. पुण्याच्या बजाज कंपनीने 2007 साली पल्सर 220 इंजेक्शनसह बाजारात आणली आणि 2009 साली तीच गाडी पुन्हा कार्बोरेटर बसवून विकली, हा इतिहास फार जुना नाही. परंतु 2020 च्या पूर्वीच्या गाड्या त्या तारखेला रस्त्यावरून उठून गेल्या नाहीत. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटी, त्यांच्यामागून आलेल्या यूसीई इंजिनाच्या साडेतीनशेच्या बुलेटी, येझदी, आरएक्स 100, करिझ्मा आणि पहिल्या पिढीतील पल्सर आजही नाशिक, माळशेज, कोकण आणि प्रसंगी लडाख गाठत आहेत. त्यांच्या मालकांजवळ जी माहितीपुस्तके आहेत, त्यांतील जेटांचे आकडे ज्या पेट्रोलला अनुलक्षून ठरविले गेले, ते पेट्रोल आता पंपावर मिळत नाही. यंत्र तेच राहिले, रस्ताही तोच राहिला, इंधन मात्र बदलले. तेव्हा जुने आकडे पुन्हा तपासून घेण्याची हीच वेळ आहे, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे.

कार्बोरेटरच्या उगमाविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. अरुंद मार्गातून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो व दाब उतरतो, हा सिद्धांत बर्नुलीने 1738 च्या आपल्या ग्रंथात मांडला, व्हेंतुरीने अरुंद गळ्याच्या नळीवर त्याचा अभ्यास केला, आणि 1893 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने व हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने त्याच तत्त्वावर पेट्रोलचा फवारा हवेत मिसळणारे उपकरण सिद्ध केले. इंग्लंडात 1927 साली तीन जुन्या कंपन्या एकत्र येऊन अमल ही कंपनी निघाली, आणि तिच्या घडणीचा, वरखाली सरकणारी स्लाइड व तिला जोडलेली निमुळती सुई असलेला कार्बोरेटर पुढे जगभरच्या मोटारसायकलींचा आदर्श होऊन बसला. आपल्याकडील जुन्या बुलेटचा कार्बोरेटरही त्याच कुळातला आहे.

या उपकरणाची रचना ज्याने एकदा नीट समजून घेतली, त्याला ट्यूनिंग हा अंदाजाचा खेळ वाटेनासा होतो. ॲक्सिलरेटर बंद असताना व जेमतेम अष्टमांश उघडला असताना पेट्रोल देण्याचे काम पायलट जेट करतो, ज्याला कित्येक मेकॅनिक स्लो जेट म्हणतात. तेथून चतुर्थांशापर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेला तिरका काप प्रभावी असतो. चतुर्थांशापासून पाऊणपर्यंत सुई आणि ती ज्या नळीत उतरते ती नळी या दोघींचा अंमल चालतो, आणि त्यापुढे मूठ पूर्ण पिळली की सगळी जबाबदारी मेन जेटवर येऊन पडते. हे अंमल काटेकोर सीमा आखून वेगळे केलेले नाहीत, एकाचा प्रभाव ओसरत असतानाच दुसऱ्याचा सुरू झालेला असतो. तथापि दोष कोठे आहे हे शोधताना गाडी किती वेगाने धावत होती यापेक्षा मूठ किती उघडली होती हे पाहावे, हा नियम या वाटणीतूनच निघतो. ताशी साठ किलोमीटरांच्या वेगाला गाडी गुदमरते अशी तक्रार घेऊन येणारा गृहस्थ घाटात चढत होता की सपाटीवर होता, हे विचारल्याशिवाय पाना हाती धरणे व्यर्थ आहे. यूसीई बुलेटसारख्या गाड्यांत स्लाइड इंजिनाच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, वर उचलली जाते. तेथे हा नियम जरा सैल होतो, आणि त्याचा स्वतंत्र विचार पुढे केला आहे.

आता हवेकडे येऊ. पेट्रोलच्या एका भागाच्या संपूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद साडेबारा ते तेरा भागांच्या आसपास मिळते, आणि काटकसर पंधरा-सोळाच्या जवळ. हवेचा भाग वाढला की मिश्रण पातळ झाले, पेट्रोलचा वाढला की दाट झाले, असे या पुस्तकात म्हटले आहे. गॅरेजात त्यालाच लीन आणि रिच म्हणतात. इंजिन मात्र हवा वजनाने मोजून घेत नाही. पिस्टन खाली येताना ते ठराविक आकारमानाची हवा ओढते, आणि त्या आकारमानात वजन किती भरले हे हवेच्या घनतेवर अवलंबून राहते. घनता घटली की हवेचे वजन त्याच प्रमाणात घटते, परंतु गळ्यातील दाबाच्या फरकाने ओढले जाणारे पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटते. म्हणून उंचीवर मिश्रण दाट होते, आणि ढोबळ मानाने घनता जितके टक्के उतरली त्याच्या निम्मे टक्के दाट होते. इगतपुरीला हवेची घनता भिवंडीपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असते, तेव्हा तेथे मिश्रण तीनेक टक्क्यांनी दाट होईल. याने गाडी बंद पडत नाही. घाटमाथ्यावर पिकअप थोडे मंद वाटते इतकेच. लडाखातील खारदुंग ला या खिंडीत मात्र घनता समुद्रसपाटीच्या सहा दशांशांहूनही खाली येते आणि मिश्रण जवळजवळ चतुर्थांशाने दाट होते. तेथे काळा धूर, काजळीने माखलेला प्लग आणि चढावर धापा टाकणारे इंजिन यांचे कारण पेट्रोलमध्ये किंवा पिस्टनमध्ये शोधणाऱ्याचा वेळ वाया जातो.

उंचीइतकाच विचार ऋतूचाही केला पाहिजे, आणि आमच्या भागात त्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. जुलैत भिवंडीची हवा तीस अंशांवर आणि वाफेने भरलेली असते; त्या वाफेने हवेतील सुमारे साडेतीन टक्के जागा अडविलेली असते व तितका प्राणवायू इंजिनाला कमी मिळतो. जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा अंशांकडे उतरला की हवा जड होते, तिच्यातील वाफही ओसरते, आणि या दोन्ही कारणांनी मिश्रण पावसाळ्याच्या मानाने चार-पाच टक्क्यांनी पातळ होते. हवा कोरडी पडली की मागावरचे सूत तुटू लागते आणि हवेत ओल आली की तेच सूत सुरळीत चालते, हे भिवंडीतील पॉवरलूमच्या कारागिराला कोणी शिकवावे लागत नाही. कार्बोरेटरही त्याच हवेवर चालतो आणि त्याच महिन्यांत आपला स्वभाव बदलतो. त्याच पॉवरलूमच्या कापसाचा तंतू आणि गोदामांच्या रस्त्यांवर मालमोटारींनी उडविलेली धूळ एअर फिल्टरवर बसते, हीही स्थानिक बाब विसरता येत नाही. ज्या कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीला बाहेरची हवा मिळते, त्यात फिल्टर तुंबला की गळ्यातील दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल अधिक ओढले जाते. दूरच्या शहरासाठी छापलेल्या वेळापत्रकावर विसंबून फिल्टर बदलणाऱ्या भिवंडीकराची गाडी दाट मिश्रणावर चालत असते आणि दोष मात्र जेटला दिला जातो.

येथपर्यंतचे सर्व तीस वर्षांपूर्वीही खरे होते. इथेनॉलचे प्रकरण नवे आहे, आणि त्याचा आरंभ योगायोगाने आपल्याच राज्यात झाला. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प 2001 साली महाराष्ट्रातील मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ सुरू झाले. मनमाड तर आमच्या याच रस्त्याने नाशिकच्या पुढे जाणाऱ्याच्या वाटेजवळचे गाव. पुढे 2003 पासून पाच टक्क्यांचे मिश्रण काही राज्यांत विक्रीस आले, 2022 च्या जूनमध्ये देशाने दहा टक्क्यांचे लक्ष्य गाठले, 6 फेब्रुवारी 2023 रोजी वीस टक्क्यांच्या ई20 इंधनाच्या विक्रीला आरंभ झाला, आणि 2025 पर्यंत ते बहुतेक सर्वत्र नेहमीचे पेट्रोल होऊन बसले. उसाच्या पट्ट्यातील कारखान्यांना आणि शेतकऱ्यांना यापासून जे लाभले त्याबद्दल मला समाधान आहे; इथेनॉलची ऑक्टेन क्षमता पेट्रोलहून जास्त आहे आणि बाष्प होताना ते अधिक उष्णता शोषून मिश्रण थंड करते, हे त्याचे गुणही निर्विवाद आहेत. परंतु इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच प्राणवायू असतो, त्याच्या एका भागाला केवळ नऊ भाग हवा पुरते, आणि म्हणून वीस टक्के मिश्रित इंधनाचे समतोल प्रमाण 14.7 वरून साडेतेराच्या आसपास येते. इंजेक्शनच्या गाडीतील प्राणवायूचा सेन्सर ही तफावत ओळखून बरीचशी भरून काढतो. कार्बोरेटरला नाक नाही. तो पूर्वीइतकेच द्रव हवेत सोडतो, आणि त्याचे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होऊन जाते.

हा सात-आठ टक्क्यांचा आकडा वर दिलेल्या इतर आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. जुलैच्या धुक्यातील इगतपुरी आणि जानेवारीच्या पहाटेची भिवंडी यांच्यातील सगळा फरक जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे जी गाडी पूर्वी वर्षभरात घाटाच्या वरखाली जेवढी डोलत असे, तेवढा संपूर्ण झोका इंधनाने एकदम आणि एकाच दिशेला दिला आहे. यातून जो निष्कर्ष निघतो तो मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो : ई20 वर चालणाऱ्या जुन्या गाडीला सर्वांत मोठा धोका उंच घाटात नसून समुद्रसपाटीवरच्या थंड, कोरड्या सकाळी, पडघ्यापुढच्या सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर मूठ पूर्ण पिळलेली असताना आहे. तेथे उंचीचा दाटपणा मदतीला येत नाही, वाफेचा येत नाही, आणि इंधन स्वतःच पातळ आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला कारखान्याने मुद्दाम थोडे जास्त पेट्रोल दिलेले असते, कारण ते जादा पेट्रोल बाष्प होताना इंजिनाचा ताप उतरविते. ती शिल्लक येथे खर्च होते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतो, आणि टू-स्ट्रोक गाडीत तर पिस्टन जाम होण्यापर्यंत मजल जाते. घाट चढताना गाडी चांगली ओढते म्हणून मिश्रण बरोबर आहे असे मानणारा मालक परीक्षा चुकीच्या जागी घेत असतो. माझी शिफारस अशी की भिवंडीच्या गाडीचा मेन जेट जानेवारीतल्या सपाटीसाठी निवडावा आणि घाटातला किंचित मंदपणा पत्करावा.

नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात असे अनुमान दिले आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज ई20 वर तीन ते चार टक्क्यांनी उतरेल. मालकांची चर्चा बहुधा या ॲव्हरेजपाशीच थांबते, आणि ते भरून काढण्यासाठी कोणी एअर स्क्रू बाहेर काढून मिश्रण आणखी पातळ करवून घेतो. यासारखा घातक उपाय दुसरा नाही. इथेनॉलच्या प्रत्येक लिटरात पेट्रोलहून सुमारे तृतीयांश ऊर्जा कमी असते. तो खर्च ट्यूनिंगने वाचविता येत नाही.

जेट बदलताना त्याच्यावर कोरलेल्या आकड्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. केहिनच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरील आकडा त्यातून वाहणाऱ्या द्रवाचे मान सांगतो. पेट्रोल सात-आठ टक्क्यांनी वाढवावयाचे असेल तर दुसऱ्या प्रकारात शंभराचा जेट काढून एकशे साडेसातचा घालणे योग्य, पण पहिल्या प्रकारात छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे एकशे चारच्या जवळपासचा जेटच पुरतो. एका कंपनीचा जेट दुसरीच्या कार्बोरेटरात घालणारे, आणि बाजारातील नकली जेटांच्या आकड्यांवर भरवसा ठेवणारे, हा भेद विसरतात. तुंबलेला जेट साफ करण्यासाठी त्यात तार घालण्याचा रिवाज तर मुळातूनच बंद झाला पाहिजे. पायलट जेटचे छिद्र 0.40 मिलिमीटरचे धरले आणि तारेने घासून ते 0.42 झाले, तर डोळ्याला काहीही दिसत नाही, पण क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढलेले असते. इंधनातल्या बदलाने जेवढी उलथापालथ झाली त्याहून अधिक उलथापालथ त्या एका तारेने होते. कार्ब क्लीनर आणि दाबाची हवा एवढ्यानेच जेट साफ करावा, आणि न निघाल्यास नवा घालावा. त्याची किंमत एका टाकीच्या पेट्रोलपुढे क्षुल्लक आहे.

मिश्रणाची परीक्षा कशी घ्यावी याविषयी जुन्या मंडळींचा प्लगच्या रंगावर फार विश्वास आहे, आणि त्यांच्या काळी तो सार्थ होता. परंतु शिशाचे पेट्रोल 2000 च्या फेब्रुवारीत देशभर बंद झाले, आणि पोर्सेलिनवर सहज उमटणारा तो बिस्किटी रंग आता उमटायला बराच वेळ घेतो. काळी भुसभुशीत काजळी दिसली तर मिश्रण दाट आहे हे अजूनही निश्चित सांगता येते. पांढऱ्या प्लगवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. ज्यांना शक्य असेल त्यांनी सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर बसवून मीटरवर प्रमाण वाचावे. तेथेही सावधगिरी हवी, कारण सेन्सर हवा किती शिल्लक राहिली तेवढेच ओळखतो आणि पेट्रोलसाठी बनविलेला मीटर इंधन कोणतेही असले तरी समतोलाला 14.7 असेच दाखवितो. म्हणून आकडा लॅम्डात, म्हणजे समतोल प्रमाणाच्या पटीत, वाचावा, आणि मूठ पूर्ण उघडी असता तो 0.87 ते 0.90 च्या दरम्यान ठेवावा. पीयूसीचा दाखला हा या बाबतीत पुरावा नव्हे. दुचाकीची ती तपासणी गाडी उभी असता आयडलिंगवर होते, तेव्हा ती पायलट जेटविषयी काही सांगते, मेन जेटविषयी काहीच नाही.

फिल्टर काढून टाकणे, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसविणे, या हौसेचा मी या पुस्तकात पुरस्कार केलेला नाही. दोन्हींनी मिश्रण पातळ होते, आणि आमच्या धुळीत फिल्टरविना फिरणे म्हणजे सिलिंडरला सहाणेवर धरणे होय. टू-स्ट्रोकवाल्यांना एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो : पेट्रोलमध्ये ऑइल जास्त घातले म्हणजे इंजिन सुरक्षित झाले, हा समज अर्धाच खरा आहे, ऑइलने जेटमधली पेट्रोलची जागा अडविली जाते आणि इंधनाच्या दृष्टीने मिश्रण उलट पातळ होते.

इथेनॉल पाणी शोषते, आणि कोकणच्या पावसाळ्यात टाकीच्या झाकणाशी पाण्याची कमतरता नसते. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, म्हणजे नेमके तेथे, जेथून रिझर्व्हचे पेट्रोल येते. पावसाळाभर गाडी झाकून ठेवणाऱ्याने कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी. न केल्यास आश्विनात गाडी बाहेर काढताना पायलट जेट हिरवट थराने बंद झालेला सापडतो आणि जुन्या रबराच्या वॉशरी फुगलेल्या असतात. या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे, कारण इतर कोणत्याही कारणापेक्षा याच कारणाने जुन्या गाड्या गॅरेजात येतात.

वाचकांना विनंती एवढीच की एका वेळी एकच भाग बदलावा, आणि काम सुरू करण्यापूर्वी आपल्या गाडीतील प्रत्येक जेटचा आकडा, सुईची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ती जागा आणि एअर स्क्रूचे फेरे एका वहीत तारीख व महिन्यासह लिहून ठेवावेत. पुढील सर्व प्रकरणे त्या नोंदीच्या आधारेच चालतात. पहिले प्रकरण फ्लोटच्या पातळीचे आहे. ती पातळी चुकीची असेल तर मिश्रण सर्वत्र चुकते आणि कोणताही जेट ते सुधारू शकत नाही, म्हणून ती मोजून घेतल्याशिवाय दुसऱ्या प्रकरणाकडे वळू नये.